सुकाणूच्या आतलं कुंकू

डॉ. नलिनीताईंची आणि माझी पहिली भेट किहीमला, त्यांच्या शेडमध्ये झाली. त्यांना हिशेब लिहायला बाई हवी होती. मी मॅट्रिक, देवाचं आटोपलं की दुपारी मोकळी. टेबलावरच्या काळ्या कापडाकडे मी कौतुकाने बोट नेलं, तर ताई ओरडल्या, "हात नको!" मी इतकी घाबरले की नमस्कार करायचाही राहिला.

मग त्यांनीच चहा केला आणि समजावलं. ते कार्बन फायबरचं कापड. त्याचे थर एकावर एक रचून रेझिन नावाच्या चिकट द्रवाने चिकटवतात. पण त्याचा धागा फार गुळगुळीत, रेझिन त्याला नीट धरत नाही. म्हणून ताई त्यावर प्रक्रिया करून तो किंचित खरबरीत करतात. त्यानंतर बोटाचं तेलही लागलं, तर थर सुटू शकतात. असल्या कापडाची सुकाणू त्या आमच्या होड्यांसाठी बनवतात.

आमचे हे तांडेल, होडीचे प्रमुख. गेल्या नारळी पौर्णिमेआधी आमचं नवं सुकाणू तयार झालं. जेवताना हे खुशीत म्हणाले, "ताईंना थर लावू लागताना मी गुपचूप आत तेल-कुंकवाचा अंगठा उठवलाय. देव आत बसलाय. आता भ्यायचं न्हाय!"

मी हातातला घास ताटात टाकला. दुसऱ्या दिवशी होडी समुद्रात जाणार होती. मी तशीच ताईंकडे धावले.

ताईंनी रुपयाचं नाणं घेऊन सुकाणू वाजवत नेलं. टण, टण, आणि एका जागी बद्द. त्यांनी करवत मागितली.

हे चिडले. "ताई, देवावर इश्वास न्हाय तुमचा!"

"देवावर आहे हो, तांडेल. तेलावर नाही."

कापल्यावर कुंकवापाशी थर अलगद सुटून आला, दुधावरची साय निघावी तसा. ह्यांनी तो थर हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला.

सगळ्या होड्या गेल्या, आमची राहिली. "तांडेलाची होडी माहेरी बसली!" असे टोमणे ऐकले. पंचाहत्तरीला टेकलेल्या ताईंनी मात्र रोज उभं राहून नवं सुकाणू केलं, आणि वाळल्यावर स्वतः कुंकवाचा करंडा पुढे केला. "आता लावा. बाहेरून."

आजही होडी दिसेनाशी झाली तरी मी किनाऱ्यावरून हलत नाही. वाऱ्याचं, लाटांचं, सगळ्याचं भय वाटतं. सुकाणूचं तेवढं वाटत नाही. पण हल्ली ताई पायरीवर जरा अडखळल्या तरी मी धावत हात द्यायला जाते. देवा, त्यांना शंभरी दे. कान असेच तिखट ठेव, आवाज असाच खणखणीत राहू दे. आमची माणसं रोज समुद्रात जातात, "हात नको!" म्हणून ओरडणारं कुणीतरी किनाऱ्यावर हवं.