पारोशा तोंडाचा जप

आज सांगलीतल्या आमच्या घरासमोर रस्त्यासाठी खडी ओतली आणि दगडाच्या धुळीचा वास नाकात शिरला. तसा मला बहात्तरच्या दुष्काळातला माणचा माळ आठवला.

आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. हातोड्याच्या प्रत्येक घावाला ‘नमः शिवाय’ म्हणायची आणि एकशे आठ घाव झाले की एक खडा बाजूला ठेवायची. तीच तिची जपमाळ. मी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन शेजारी बसलेली असे.

एकदा गावच्या देवळातले पुजारी तिथून जाताना थांबले.

“अगं, पारोशा तोंडानं शिवाचं नाव घेतेस? आधी आंघोळ, मग जप. एवढंही कळत नाही?”

बाकीच्या बायांचे हातोडे थांबले. मी घाबरून आईचा पदर ओढला. तिनं धुळीनं पांढऱ्या झालेल्या पापण्या वर केल्या.

“आवं, प्यायला पानी न्हाई, आंघूळ कशानं करू? पिंडीवर रोज तांब्या वततासा न्हवं? आजचा मला द्या. आंघूळ करते, मग नाव घेते.”

पुजारी निघून गेले. आईनं पुढचा घाव घातला, आधीपेक्षा मोठ्यानं ‘नमः शिवाय’ म्हणत.

तेव्हा पदर ओढला, त्याची आता लाज वाटते.

आता घरात नळाला भरपूर पाणी येतं. सून रोज म्हणते, “आई, आंघोळ करून जपाला बसा ना.” मी उठल्या उठल्या, अंथरुणातच, मोठ्यानं जप करते. शंकराला चालत नसेल, तर त्यानं स्वतः येऊन सांगावं.