थोरल्याच्या घरचा पाहुणा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही — ती शेवटची आजारी होती तेव्हा ओठावर आलं होतं, पण गिळलं. पोरं पुण्याला. फोनवर गोळ्या घेतल्या का विचारतात. त्यांना काय सांगणार? घरात आता मी एकटा. बोलायचं तरी कुणाशी? म्हणून तुमच्याशी.

आधी घरची गोष्ट सांगतो, नाहीतर कळायचं नाही. माझे वडील — आम्ही त्यांना बापू म्हणायचो — त्यांच्या आज्याचं नाव मारुती. मारुतीला थोरला भाऊ होता, भिवा. जुन्या मोठ्या दुष्काळात भिवा पोट भरायला मुंबईला गेला, तिथून कुणी त्याला जहाजात घालून दर्यापार नेलं म्हणे. तो परत आला नाही. त्याच्या वाट्याचं रान, विहिरीसकट, आम्हीच कसत आलो. पण बापू त्या रानाला कधी आपलं म्हणाले नाहीत. तिथल्या आंब्याचे आंबे विकायचे नाहीत, गावात वाटायचे, असा त्यांचा नेम. "अर्धं थोरल्याचं हाय," म्हणायचे, "आपुन निस्ते राखणदार."

बापूंना भाऊ नाही, चुलतभाऊ नाही. लग्नाकार्यात दुसऱ्यांची भाऊकी गोळा झालेली बघत कोपऱ्यात बसायचे. थोरल्याच्या घरचं कुणी तरी एक दिवस येईल, असं त्यांच्या मनात कायम होतं. लहान असताना मला ते ऐकायला लई आवडायचं. मग मी कर्ता झालो, सोसायटीचा संचालक झालो, कारखान्याला ऊस घालू लागलो — आणि तेच बोलणं मला खुपायला लागलं. का खुपावं? कोण कुठला भिवा, मरून किती काळ लोटलेला. पण खुपायचं.

तर तेही एक दुष्काळाचंच वर्ष. गावातल्या विहिरी आटलेल्या, आमच्या त्या एका विहिरीला तेवढं पाणी. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. सोसायटीनं सडकेवर जनावरांची छावणी घातली होती, ती मी बघायचो. बापू गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊन नारायणगडाला दर्शनाला गेले होते. दुपारी परळीकडून भाड्याची जीप आली. तीतून एक माणूस उतरला — बापूंच्याच वयाचा, सावळा, पायांत पांढरे बूट, धुळीनं माखलेले. माझ्यासमोर येऊन हात जोडले. मराठी बोलत होता, पण सावकाश, बुकातली.

"मी मॉरिशसहून आलो आहे. माझ्या आजोबांचे नाव भिवा. त्यांचे धाकटे भाऊ मारुती. त्यांचे घर मला पाहायचे आहे."

माझ्या हातात कडब्याची पेंढी होती. ती मी जनावरापुढं टाकली. तुम्ही काय केलं असतं? — जाऊ द्या. मी काय केलं ते सांगतो.

मी म्हणालो, "चला, दाखवतो."

आणि त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथं एका पडलेल्या घराचं उघडं जोतं होतं, बाभळी माजलेल्या. ज्यांचं होतं ते कधीच गाव सोडून गेलेले. त्याच्याकडं बोट दाखवून म्हणालो, हेच.

"आणि मारुतीचे कोणी?"

"न्हाई. निर्वंश झाला."

ऐकलंत ना? बापू तिकडं गडावर देवापुढं उभे असतील, आणि इकडं त्यांचा पोरगा हे म्हणत होता.

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "कावून?"

आतापर्यंत सगळं बुकातलं, आणि 'का' विचारताना हा एक शब्द आमचा. मी दचकलो. तो ओशाळून हसला. म्हणाला, "आमचे आजोबा असे म्हणत. घरात तेवढेच राहिले." मग त्यानं बूट काढले, काट्यांतून जोत्यावर चढला आणि आडवा होऊन डोकं टेकलं. दुसऱ्याच्या जोत्यावर. किती तरी वेळ उठला नाही. त्याची पाठ हलत होती. मी सावलीला उभा राहून बघत होतो, आणि मनात एकच — बापू लवकर परतले तर?

म्हणून मी त्याला परळीपर्यंत सोडायला गेलो. पाहुणचार म्हणून नाही. वाटेत तो आणखी कुणाला विचारेल म्हणून. स्टेशनवर त्यानंच मला चहा पाजला. म्हणाला, बायको वारली, मूलबाळ नाही, एकदा आपलं माणूस बघावं म्हणून आलो. त्याला जमीन-बिमीन ठाऊकही नव्हती. माझ्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "तुमचे कान अगदी माझ्या वडिलांसारखे आहेत."

नात्यानं तो माझा चुलता लागत होता. मी म्हणालो, "गाडी येईल आता."

जाताना त्यानं पत्ता लिहून दिला. कधी काही कळलं तर कळवा, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बापू प्रसाद घेऊन आले. कुणीतरी त्यांना जीप आल्याचं सांगितलं होतं. "कोण आलतं रं?" मी म्हणालो, छावणी तपासायला साहेब आलता. त्यांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला. मी खाल्ला.

पुढं काही वर्षांनी बापू अंथरुणाला खिळले. बोलणं तुटक झालं होतं. एका सकाळी मला जवळ बोलावलं. "थोरल्याच्या घरचं कुनी आलं तर... जेवू घाल. अर्धं दे." मी म्हणालो, "व्हय बापू." तेव्हा तरी सांगायचं होतं ना? माणूस जात होता, ऐकून शांतपणे गेला असता, किंवा मला शिव्या देऊन गेला असता. मी त्यांचे पाय चेपत बसलो.

दहाव्याला गावातल्या जाणत्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, भाऊकीत कुणाला कळवायचं राहिलं का? मी मान हलवली. "आमाला कुनी न्हाई."

पत्ता घरात पेटीत होता. अजून आहे. मी कधी दोन ओळी टाकल्या नाहीत. तो माणूस आता नसेलच.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की भ्यालो होतो — दुष्काळ होता, पाणी तेवढंच होतं, बापू भोळे, अर्धं देऊन टाकतील. तसं काही नव्हतं. भ्यालो नव्हतो. मला रान पाहिजे होतं.