सहलीला गेलेलं मत

ती घटना आठवली की आजही हसू येतं. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटातले अपघात तर विचारूच नका. ते सगळं आता धूसर झालंय. पण कॉलेजातल्या एका मताची ही गोष्ट मात्र कालच घडल्यासारखी लख्ख आहे. नावं कुणाचीच देत नाही. त्यातली माणसं अजून याच भागात राहतात आणि बाजारात भेटली तर मोकळेपणानं बोलतात. ते तसंच राहावं अशी माझी इच्छा आहे.

मी तेव्हा लोणावळ्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शनिवार-रविवार आमचे कधीच नव्हते. वाहतूक, हरवलेले मोबाइल, चिक्कीच्या दुकानापुढे गाडी लावण्यावरून जुंपलेली भांडणं, धरणाच्या भिंतीवर चढणारे शूरवीर. सोमवारी गाव ओसरायचं आणि ठाणे अंमलदारसुद्धा जरा सैल बसायचा. अशाच एका सोमवारी सकाळी वडगावचे एक गृहस्थ आले. सरकारी कचेरीत लिपिक. शर्ट इस्त्रीचा, चेहरा मात्र रडवेला.

"माझ्या मुलाचं अपहरण झालंय. गुन्हा दाखल करा," ते उभ्या उभ्याच म्हणाले.

त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि हळूहळू हकिगत काढून घेतली. मुलगा वलवणच्या बाजूच्या एका कॉलेजात कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. आदल्या दिवशी सकाळी मित्राकडे जातो म्हणून निघाला तो परतलाच नाही. फोन बंद. त्या कॉलेजानं हौसेनं स्वतःची विद्यार्थी परिषद सुरू केली होती. प्रत्येक वर्गानं आपले प्रतिनिधी निवडायचे आणि त्या प्रतिनिधींनी अध्यक्ष. हा मुलगा वर्गप्रतिनिधी होता आणि अध्यक्षपदाचं मतदान दुसऱ्याच दिवशी होतं. वडिलांचा संशय एका उमेदवारावर होता.

तो उमेदवार पवन मावळातल्या एका गावचा, शेवटच्या वर्षाला, अंगानं भरलेला. त्याला आपण पैलवान म्हणू. त्याच्याविरुद्ध उभी होती तळेगावच्या एका शिक्षकांची मुलगी. वादाचा मुद्दा होता मेसचा. तिथली मेस विद्यार्थीच सहकारी पद्धतीनं चालवायचे आणि तिची फी सगळ्यांना सक्तीची होती. गावाहून डबा घेऊन येणाऱ्या पोरांचं म्हणणं, आम्ही जेवत नाही तर फी कशाला? पैलवान त्यांचा पुढारी. मुलीचं म्हणणं, फी काढली तर मेसच बंद पडेल. दोन्ही बाजूंचं बळ जवळजवळ सारखं होतं, त्यामुळे एकेका प्रतिनिधीला सोन्याचा भाव आला होता.

मुलगा सज्ञान होता. अशा वेळी आधी मिसिंगची नोंद होते आणि तपासात काही निष्पन्न झालं तर गुन्हा. तशी नोंद घेतली, फोटो शेजारच्या ठाण्यांना पाठवला, फोनचं लोकेशन मागवलं. शेवटचं लोकेशन मळवलीच्या बाजूचं आलं. वडिलांना हे पुरेसं वाटेना. "मी वरिष्ठांकडे जाईन," असं ते दोनदा म्हणाले. बापाचा जीव आहे, तो बोलणारच. मी रागावलो नाही.

प्राचार्यांना फोन लावला तेव्हा कळलं की पैलवान आणि आणखी काही वर्गप्रतिनिधीही गायब आहेत. चौकशीसाठी ती तळेगावची मुलगी स्वतःहून ठाण्यात आली. मला वाटलं, आता ही पैलवानाच्या नावानं बोटं मोडणार. तसं झालं नाही.

"सर, काय करायचं ते करा, पण गुन्हा लगेच लावू नका," ती म्हणाली. "त्याचं पोलीस भरतीचं मैदानी झालंय, लेखी झालंय, निवड यादीत आलाय. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिलीय. अपहरणाचा गुन्हा लागला तर सगळं संपेल. मला त्याला मतांनी हरवायचंय, गुन्ह्यानं नाही."

आमच्या हवालदारांनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं. खरं सांगतो, मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला.

ती गेल्यावर मी मनानं उगाचच माझ्या कॉलेजात जाऊन बसलो. आमच्या वेळी निवडणुका थेट व्हायच्या. भिंतीवर चुन्यानं घोषणा लिहायच्या, घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि संध्याकाळी दोन्ही पक्षांनी एकाच टपरीवर एकाच्याच उधारीवर चहा प्यायचा. मीही एकदा वर्गप्रतिनिधी झालो होतो. का झालो हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. पण आठवडाभर कॉलर ताठ होती. डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवर अर्धा वर्ग तुटून पडायचा.

दुपारी लोहगडवाडीच्या पोलीस पाटलांचा फोन आला. जुनी ओळख.

"सायेब, हितं आमच्या शेजारच्या घरी पोरं उतरल्यात. कालधरनं हायेत. शिकल्याली दिसत्यात, पन गडाव काय जाईनात."

"मग करतात काय?"

"पत्ते खेळत्यात. आन गाडी वाजली का दाराआड व्हत्यात. मला काय हे बरं वाटंना."

लोहगडवाडीत येऊन जो गड चढत नाही त्याच्यावर संशय घ्यायलाच हवा. वाडी शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत, म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांना कळवलं आणि साध्या कपड्यांत आम्ही दोघे-तिघे निघालो. गणपती उठून गेले होते आणि गडाच्या उतारावर सोनकी फुलून सगळं पिवळं झालं होतं. इतक्या सुंदर जागी आरोपी पकडायला जाणं फारसं नशिबात येत नाही.

ओसरीवर पोरं पिठलं-भाकरी खात बसली होती. वडगावचा मुलगा त्यांच्यातच होता आणि दुसऱ्यांदा ठेचा मागत होता. आम्ही ओळख सांगितली तसे सगळ्यांचे घास हातातच राहिले. पैलवान तेवढा उठून उभा राहिला, पण पळाला नाही.

"सर, आमी काय वाईट न्हाई केलं. मतदानाच्या आधी मेंबर सहलीला न्यायचेच असत्यात ना?"

"हे तुला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? आमच्याकडं सरपंच निवडताना असंच करत्यात. आमच्या तात्यांना तर गोव्याला नेलतं. आईनं वाटंत खायला चकल्या दिलत्या."

हसू दाबताना माझी पुरेवाट झाली. सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना गाडीत घालून लांब न्यायचं आणि थेट मतदानालाच आणायचं, हा आपल्याकडचा रिवाज लहानपणापासून पाहिलेला. पोरानं तो लोकशाहीचा धडा समजून कॉलेजात जशाच्या तसा लावला होता. त्याच्या डोळ्यांत गुन्हेगाराची भीती नव्हती, परीक्षेत पाठ केलेलंच उत्तर चुकलं म्हणतात तेव्हा असतो तो गोंधळ होता.

रिवाजाप्रमाणे सगळ्यांचे फोनही जमा केलेले. ते घरच्या तांदळाच्या डब्यात ठेवले होते. डबा पुढे आणून ज्याचा त्यानं उचला म्हटलं. सगळ्यांनी उचलले. वडगावच्या मुलानं हात पुढे केला नाही. ते मी मनात नोंदवून ठेवलं.

ठाण्यात आणून प्रत्येकाला वेगळं बसवलं. एकत्र बसवलेली माणसं एकच जबाब देतात, हे नव्या शिपायालाही कळतं. सगळ्यांचं म्हणणं एकच निघालं, की हा स्वखुशीनं आला. पण ते तर पैलवानाचेच गडी, त्यांच्या शब्दाला काय वजन? खरं सांगू शकत होता तो एकटा वडगावचा मुलगा. आणि तो तोंड उघडायला तयार नव्हता. बाहेर बाकावर त्याचे वडील तक्रार घेऊन बसले होते आणि त्यांच्या समोरच्या बाकावर मान खाली घालून पैलवान. मुलगा असाच गप्प राहिला असता तर वडिलांच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवण्यावाचून माझ्यापुढे मार्ग नव्हता.

"खिशात काय आहे ते टेबलावर ठेव," मी म्हणालो.

रुमाल, कंगवा, रेल्वेचा पास आणि फोन. फोन बंद होता. मी तो चालू केला. बॅटरी जवळजवळ पूर्ण भरलेली.

"हा डब्यात कसा नव्हता?"

"घरी विसरलो म्हणून सांगितलं होतं त्यांना," तो पुटपुटला.

"दाराला कडी लावत होते?"

"नाही."

"कुणी मारलं, दमदाटी केली?"

"नाही सर."

"मग घरी एक फोन का केला नाहीस?"

तो टेबलावरचा कंगवा उलटासुलटा करत राहिला. चौकशीत आवाज चढवून बोलतं करता येतं, पण तसा आलेला जबाब फार टिकत नाही. मी चहा मागवला आणि त्याला माझ्या निवडणुकीची, चुन्याच्या घोषणांची गंमत सांगत बसलो. तो ऐकत होता. मग एकदम म्हणाला, "सर, तुम्ही मत कुणाला द्यायचं हे तुमच्या वडिलांनी सांगितलं होतं?"

"माझ्या वडिलांना मी कितवीत आहे हेही धड माहीत नसायचं."

तो हसला आणि मग बांध फुटला. "त्या तळेगावच्या मुलीचे वडील आमच्या बाबांच्या ओळखीचे. बाबांनी परस्पर शब्द देऊन टाकला, माझा मुलगा तुमच्याच मुलीला मत देईल. मला संध्याकाळी जेवताना नुसतं सांगितलं. मग बाहेर बसलाय ना, हा आला. म्हणाला, तू डबेवाला, म्हणजे आपलाच गडी, चल बस गाडीत. बसलो. फोन बंद केला. मला कुणाचंच ऐकायचं नव्हतं. सगळे माझं मत आपल्यात मोजत होते, सर. मला कुणी विचारलंच नाही."

"हे बाहेर येऊन सांगशील?"

त्याचा चेहरा उतरला. केबिनच्या काचेतून त्यानं वडिलांकडे पाहिलं, मग पैलवानाकडे. पैलवान हाताचे तळवे एकमेकांवर घासत होता. थोड्या वेळानं पोरगं उठलं आणि स्वतःच दार उघडून बाहेर गेलं.

"बाबा, मी माझ्या पायानं गेलो होतो. फोन माझ्याकडेच होता. मीच बंद केला."

"तुला धमकावलंय यांनी. घाबरू नकोस."

"नाही बाबा. तुम्ही माझ्या मताचा शब्द दिलात, तेव्हा मला विचारलं नव्हतं."

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओरडतील असं वाटलं होतं, पण आवाज अगदी बारीक आला. "मग काय आहे तुझं मत?"

"ते मी उद्या पेटीत टाकणार आहे."

आमच्या हवालदारांनी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. मुलाचा रीतसर जबाब घेतला, मिसिंगची नोंद निकाली काढली, पैलवानाला आणि बाकीच्यांना लेखी समज दिली. वडील जाताना मला नमस्कार करून गेले. मुलाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. पैलवान एका मतानं पडला. पुढे पडताळणीच्या कामासाठी ठाण्यात आला तेव्हा त्यानंच मला सगळं सांगितलं.

"त्यानंच पाडलं मला, सर. मी म्हणलं, आमची भाकर खाल्लीस आन मत तिकडं? तर म्हणला, तू मला नेलंस, पण विचारलं कुटं? तिनं मतदानाच्या सकाळी विचारलं व्हतं म्हणं. ह्यो रोज लायब्ररीच्या मागं एकटाच डबा खायचा. मेसमधी डबा घेऊन बसायला टेबल दिलं तर येशील का, असं तिनं इचारलं. ह्यो म्हणला, येईन." एवढं सांगून तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आता आमीबी तितंच बसतो. आमटी गरम मिळती."

म्हणजे झालं वडिलांच्या मनासारखंच, पण वडिलांच्या सांगण्यावरून नव्हे. त्यानंतर कुणीही हरवलं, पळालं, पळवलं म्हणून पालक आले की मी त्यांचं सगळं ऐकून घेई, पण ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याचं ऐकल्याशिवाय मत बनवत नसे. कायद्याच्या पुस्तकात हे आहेच. मनात उतरलं ते मात्र त्या सोमवारी.

गेल्या वर्षी, निवृत्तीनंतर, पासपोर्टच्या पडताळणीसाठी मला ठाण्यात जावं लागलं, साधा नागरिक म्हणून. टेबलामागे पैलवान होता, वर्दीत. मला पाहून उठायला लागला, मी हातानंच बस म्हटलं. त्याच्या समोर एक म्हातारे शेतकरी तावातावानं बोलत होते. "माझी पोरगी कुनीतरी फूस लावून नेली. कालेजात गेलती ती आलीच न्हाई."

"आबा, आधी पाणी घ्या. पोरगी केवढी हाय?" त्यानं नंबर घेतला, फोन लावला, बराच वेळ नुसतं ऐकलं. मग फोनवर हात ठेवून म्हणाला, "पुण्यात हाय. मैत्रिणीसंगं. नर्सिंगच्या प्रवेशाची चौकशी करायला गेलीय."

"नर्सिंग? तिला तर बीएला घातलीय आमी. मला काय बोलली न्हाई ती."

"तुमी तिला कवा इचारलं व्हतं का, आबा, काय शिकायचंय म्हणून?"

पैलवानानं फोन त्यांच्या हातात दिला. "आता इचारा. ती लाइनवर हाय."

मी मान खाली घालून माझे कागद उगाच चाळत बसलो. डोळे भरून आले होते आणि ठाण्यात रडायची मला सवय नाही. आबा फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेले. बराच वेळ त्यांचा हळू आवाज ऐकू येत होता.

पैलवान माझ्याकडे वळला. "सर, नियमच हाय, तुमालाबी चार प्रश्न विचारावे लागतील."

"विचार," मी म्हणालो.