डावीकडची जागा

भाऊंची लेन्स माझ्या हातून पडली होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि भाऊंना तर नाहीच.

तळ्याच्या काठी भाऊ पालथे पडलेले असत. डोळा कॅमेऱ्याला, बोट बटणावर, समोर वीस पावलांवर खंड्या. तुम्ही-आम्ही असतो तर दहा फोटो काढून मोकळे झालो असतो. भाऊ बोट दाबत नसत, कारण खंड्याचं तोंड उजवीकडे असे. "इकडं पाह्य, माय," ते कुजबुजत. "एकडाव इकडं पाह्य." पक्षी नर असो की मादी, भाऊंची ती मायच. तिनं मान डावीकडे वळवली की खट्. एकच फोटो. मग पडल्यापडल्या माझ्याकडे बघून दोन्ही भुवया उडवायचे, जणू पक्षी त्यांनीच घडवला.

ऊर्जानगरच्या बाहेर, चंद्रपूरच्या रस्त्याला भाऊंचं मोटारसायकलच्या सीटा शिवायचं दुकान होतं. वडील हेच करायचे, त्यांचे वडील घोडागाडीच्या गाद्या भरायचे. मी वीज केंद्रात नोकरीला. माझी सीट उसवली म्हणून गेलो आणि भिंतीवरचे फोटो बघत दोन तास तिथेच बसलो. माझ्याकडेही एक कॅमेरा आहे म्हटल्यावर भाऊंनी शिलाई मशीन थांबवलं. "मंग आतापर्यंत होते कुठी जी तुम्ही?" पुढे बारा वर्षं आमचे रविवार एकत्र गेले.

भाऊंचा कॅमेरा जुना, कुणाकडून तरी घेतलेला. त्याचा बाकी सगळा संसार दुकानातला होता. लेन्स टेकवायला रेक्झिनची उशी, आत सरकी भरलेली. पावसासाठी सीटकव्हरचा झगा, त्याला चेन. गळ्यातला पट्टा इतका मऊ की मी एकदा तो उशाला घेऊन झोपलो. पावसाळ्यात काचेला बुरशी धरते, म्हणून लेन्स कापडी पिशवीत बांधून भाभींच्या तांदळाच्या डब्यात राहायची. भाभी म्हणायच्या, "एक दिवस खिचडीत शिजवून टाकतो मी तुमची ही सवत."

आठवड्याला एकच फोटो ते आमच्या पक्ष्यांच्या ग्रुपवर टाकत. त्याआधी मतदान. रविवारी दुपारी फोन हातात धरून ते टपरीवर जात, चहावाल्यापुढे धरत, सीट शिवायला आलेल्या अनोळखी माणसापुढे धरत. "टाकू का?" कुणी म्हटलं, यात पक्षी लहान दिसतो, तर खरंच टाकत नसत. शेवटचं मत भाभींचं. त्या फोटोकडे बघत, मग नवऱ्याकडे. "पाखराले 'इकडं पाह्य, इकडं पाह्य' म्हणते हा माणूस. मले कधी म्हणलं नाई."

भाऊ लाजायचे आणि तोच फोटो टाकायचे.

आता ते डावी-उजवीचं सांगतो.

ओळख होऊन वर्षच झालं असेल. एका शनिवारी मी त्यांची लेन्स मागून नेली. मूल गावाच्या बाजूला एका तलावावर बदकं उतरली होती. भाऊंनी तांदूळ झटकून लेन्स हातात दिली, उशीही दिली. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, दगड लावलेले असतात ना, त्यावरून उतरताना पिशवीचा बंद सुटला. लेन्स तीन दगडांवर आपटत खाली गेली. उचलून पाहिली, काच शाबूत, बाहेर ओरखडासुद्धा नाही. रुमालाने पुसली. कॅमेऱ्याला लावून एक फोटो काढला, तेव्हा कळलं. डावीकडचा तिसरा हिस्सा धूसर. काठावरचं गवत वितळल्यासारखं. आतली काच हलली होती.

संध्याकाळी लेन्स परत दिली.

"कसे आले फोटो?"

"मस्त," मी म्हणालो.

एवढंच. यापेक्षा लहान खोटं मी आयुष्यात बोललो नसेन.

पुढचा महिना भाऊंनी स्वतःला तपासण्यात घालवला. आधी चष्म्याचा नंबर बदलून आणला. मग हात थरथरतो असं वाटून दुप्पट सरकीची उशी शिवली. मग एका सकाळी दुकानाची पाटी फ्रेमच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत धरून वीसेक फोटो काढले, आणि मला बोलावून निकाल सांगितला. "लेन्सचं वय झालं जी. हिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी विचारलं, "दुरुस्तीला नागपूरला पाठवायची का?"

"काऊन? मेकॅनिक खोलंल अन् उजवं अंगही जाईल. म्हातारीले आहे तशी राहू द्या."

त्यांनी म्हातारीशी जमवून घेतलं. धूसर भाग डावीकडे, म्हणून पक्षी उजवीकडे घ्यायचा. आणि पक्ष्याचं तोंड डावीकडे हवं, नाहीतर तो "भिंतीकडं तोंड करून रुसल्यावाणी" दिसतो. कुणीतरी सुचवलं, कॅमेराच उलटा धरा. भाऊंनी धरला. बोटाला बटण सापडेपर्यंत बगळा उडून गेला.

आणि मग गंमत झाली. ग्रुपवर लोक थांबून बघायला लागले. बारीक, स्वच्छ पक्षी उजव्या कोपऱ्यात, आणि त्याच्यापुढे धुकंच धुकं. पुण्याच्या एका डॉक्टरांनी विचारलं, हे कसं करता? भाऊंनी उत्तर दिलं, "मी काही करत नाही. डावीकडची जागा पाखराला उडायला ठेवतो." त्यावर इतके अंगठे आले की भाऊंचा फोन दिवसभर गुरगुरत होता. पोरं नक्कल करू लागली. गडचांदूरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने नवरा-नवरीला फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यात बसवून अल्बम दिला आणि वधूपित्याच्या शिव्या खाल्ल्या. भाऊंना कळल्यावर ते हसून हसून मशीनवर डोकं टेकून बसले. "मंग वऱ्हाडी कुठी उडून राह्यले होते?"

तुम्ही म्हणाल, चांगलंच झालं की. मीही वर्षानुवर्षं स्वतःला हेच सांगितलं. मग धनेशाचा दिवस आला.

कवड्या धनेश. मोठी पिवळी चोच, चोचीवर टोपीसारखं शिंग. भाऊंनी तो लहानपणी मामाच्या गावी, सिरोंचाकडे पाहिला होता आणि फोटो काढायचा त्यांचा हट्ट तेव्हापासूनचा. गडचिरोलीच्या जंगलात एका उंबरावर तो येतो अशी खबर लागली. मी, भाऊ आणि ग्रुपमधले दोघे पहाटे निघालो. सकाळी आठला तो आला. उघड्या फांदीवर, उन्हात, असा बसला की त्याला निमंत्रण दिलं होतं असं वाटावं.

तोंड उजवीकडे.

आम्ही तिघांनी कॅमेऱ्यांची कार्डं भरून टाकली. भाऊ उशीवर लेन्स टेकवून थांबले. "इकडं पाह्य, माय." धनेशाने उंबर खाल्लं. "एकडाव फक्त. चाळीस वर्षं झाली वं." धनेशाने पंख साफ केले. वीस मिनिटं मी भाऊंच्या बोटाकडे बघत होतो. मग तो उडाला, उजवीकडेच, पंखांचा फसफस आवाज करत, वाफेच्या इंजिनासारखा.

भाऊंनी एकही फोटो काढला नव्हता.

"आज त्याचं मन नव्हतं," ते उठत म्हणाले. आणि खरं सांगतो, ते खूश होते. वाटेत चहाच्या टपरीवर त्यांनी अख्खा धनेश करून दाखवला, हाताची चोच, डोक्यावर कपबशी. टपरीवाली बाई पदर तोंडाला लावून हसली. हसलो नाही तो मीच. गाडीत बसताना त्यांना म्हणालो, "भाऊ, माझ्यातला एक घ्या. तुमच्या नावाने टाका. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, नवल वाटल्यासारखं. "ते झूट झालं ना जी. मी पाह्यला, काढला नाई. जसं झालं तसं सांगाचं."

संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा फोटो आला. परत निघताना त्यांनी काढला असावा. रिकामी फांदी, डावीकडे धुकं. खाली लिहिलं होतं: "आला होता. उजवीकडे पाहत होता."

त्यांच्या कुठल्याच फोटोला इतकी दाद मिळाली नव्हती. मीही एक अंगठा टाकला.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दुकान सोडवलं आणि भाऊ-भाभी कागजनगरला मुलीकडे गेले. जावयाने त्यांना नवी लेन्स घेऊन दिली होती. जुनी त्यांनी मला दिली, कापडी पिशवीसकट, दोन-चार तांदूळ अजून तळाशी होते. "तुमालेच हिची कदर आहे. पाडू नका बरं," म्हणाले आणि हसले. ते हसणं मी खूपदा उलटंपालटं करून पाहिलं. त्यांना ठाऊक होतं असं मानलं तर माझी सुटका होते. पण त्या हसण्यात तसं काही नव्हतं. भाऊ आडून बोलणारे नव्हेतच.

परवा त्यांचा फोन आला. "सायेब, नवीन लेन्स बेकार आहे जी. डावीकडचं सारंच दिसते. गवताचं पानन् पान!" मागून भाभींचा आवाज, "अन् तरी डावीकडं तोंड वळाची वाट पाह्यते!" दोघंही हसत होते. "म्हातारीले घेऊन या ना एकडाव," भाऊ म्हणाले. "इथीबी धनेश येते म्हणतात."

पिशवी टेबलावर बांधून ठेवली आहे. येत्या रविवारी निघेन. तुम्हाला आधी सांगितलं आणि त्यांना नंतर, हाही माझा जुनाच भित्रेपणा. लेन्स परत नेऊन देणं सोपं आहे. तिचं वय झालं नव्हतं भाऊ, ती मी पाडली, एवढं वाक्य मी त्यांना अजून देणं लागतो.