विटकरी रंग

स्पिरिटच्या दिव्याचा वास आठवला की मी पन्नासच्या दशकातल्या कोल्हापुरात, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहते. त्या आठवड्यात सरांनी साखरेची परीक्षा शिकवली होती: निळ्या द्रावणात लघवीचे थेंब घालून उकळायचं, साखर असली तर रंग पालटतो. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आबा, माझे वडील, सारखं पाणी पीत होते, वाळत चालले होते, मोरीत मुंग्या लागत होत्या. ते गुळाच्या अडतीवर होते; ढेपेचा तुकडा चाखून भाव सांगणं हेच त्यांचं काम. डॉक्टरांचं नाव काढलं की "मला काय धाड भरलीया?" म्हणायचे. शेवटी त्यांच्या मागे लागून मी लघवीची बाटली घेऊन गेले. "कुणाची?" सरांनी विचारलं. "वडिलांची," मी म्हटलं. सर शेजारी येऊन उभे राहिले. नळीतला निळा रंग हिरवा झाला, मग पिवळा. इथंच थांबू दे, असं मी मनात म्हणतेय तोवर तळाशी विटकरी गाळ बसला. "उद्याच डॉक्टरांकडे ने त्यांना," सर हळूच म्हणाले. शिवाजी पेठेतल्या घरापर्यंत मी जवळजवळ पळतच गेले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे आता गूळ चाखायचा न्हाय व्हय?" मी मान डोलावली. "मग अडतीवर जाऊन करू काय, पोरी?" औषध सुरू झालं, आणि आबा अडतीवरही जात राहिले. एकदा मी लांबून पाहिलं: त्यांनी तुकडा जिभेवर ठेवला, भाव सांगितला, आणि बाजूला जाऊन थुंकून चूळ भरली. आज मी त्यांच्याहून म्हातारी आहे, तरी पाठ फिरवून चूळ भरणारे आबा डोळ्यांसमोरून हलत नाहीत.