रुद्रेशचा खोडरबर

उदगीरच्या आमच्या गल्लीत कम्प्युटर अडला की बाकीचे मेकॅनिक एकच औषध देतात, फॉरमॅट मारा. रुद्रेशला त्याची भारी चीड. "डोकं दुखतंय म्हणून मुंडकं उडवता का?" असं गिऱ्हाइकासमोरच विचारतो. माझं स्टेशनरीचं दुकान त्याच्या दुकानाला लागून. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात घासायला तो माझ्याकडून डझनानं खोडरबर नेतो. चाळिशीचा गडी, हुशार, पण हट्टी.

यंदा त्याला नमवलं धोंडप्पा सरांच्या कम्प्युटरनं. लकव्यानं सरांची वाचा गेली, उजवा हातही गेला. डाव्या हाताच्या एका बोटानं ते वर्षभर शाळेतल्या आठवणी टाइप करत होते. त्यांचं बोलणं म्हणजे आता तेवढंच. आणि मशीन मधेच निळं पडून बंद व्हायचं.

"कर्नल, म्हणजे आतला मुख्य कारभारी, कोलमडतोय," रुद्रेश म्हणायचा. पडद्यावर दर खेपेला कारण मात्र नवं. वॉरंटीचं सील फोडायला नको म्हणून त्यानं डबा उघडला नाही. ड्रायव्हर बदलले, विंडोज दुरुस्त केली. प्रत्येक वेळी सरांची फाइल न उघडताच पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचा, जुन्या प्रतीच्या जागी नवी. आठ दिवसांनी सरांच्या बायकोचा, गौरम्मा काकूंचा फोन यायचाच. "येतोस का रे? परत निळं झालं बघ!"

चौथ्या खेपेला मीही सोबत गेलो. काकू चहा टाकायला आत गेल्या. रुद्रेशनं शेवटी सील फोडून डबा उघडला. पंख्यावर, रॅमच्या खाचेत, सगळीकडे पांढरी राख. काकू रोज पूजा झाली की मशीनच्या जाळीवर विभूतीचे तीन पट्टे ओढायच्या. बिघाड वाढला तशी त्यांनी विभूतीही वाढवली. पंखा ती आत ओढत होता.

त्यानं सगळं झटकलं, पट्टी खोडरबरानं घासली. मशीन गुमान चालू झालं. मग त्यानं सरांची फाइल उघडली. पानंच्या पानं नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. टाइप केलेलं आधी रॅममधूनच जातं; ती राखेनं बिघडलेली, त्यामुळे लिहिलेलं बिघडूनच साठलं होतं. त्यानं घाईनं पेनड्राइव्ह लावला. तिथंही तेच. चांगल्या प्रतीवर नासकी प्रत त्यानंच चढवली होती.

"सर, माझ्या हातानं गेलं हो," रुद्रेश म्हणाला. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

सरांनी कोरं पान उघडायची खूण केली आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "राखेचं तिला सांगू नका." आम्ही वाचलं तसं त्यांनी ते एकेक अक्षर करून पुसूनही टाकलं.

काकू चहा घेऊन आल्या. चालू पडदा बघून त्यांचा चेहरा फुलला. "झालं का नीट? देव पावला गं बाई!" म्हणत त्यांनी देवळीतली विभूती बोटांवर घेतली. रुद्रेशनं घाईनं कपाळ पुढं केलं. "आज मला लावा, काकू."

त्यांनी हसत त्याच्या कपाळावर तीन बोटं ओढली. "आन् त्याला न्हाई व्हय?" म्हणून मशीनकडे वळल्या.

सरांना वाचा नव्हती. आम्हा दोघांना होती, पण आम्ही चहा प्यायला लागलो.