चन्नवीरप्पांची जागा

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला असं समजा. हुबळीतल्या इस्पितळातली लांबट खोली. मधोमध चाकांची खाट. खाटेवर चन्नवीरप्पा, डोळे अर्धे उघडे, कानशिलांवर ओला चिकटा. डोक्याला विजेचा शॉक देऊन नुकतंच बाहेर आणलेलं. खाटेमागं हिरवा पडदा, आणि पडद्याआड त्यांची बायको नीलम्मा, नाटक कंपनीची जुनी नायिका, कान टवकारून उभी.

चन्नवीरप्पा त्याच कंपनीचे प्रॉम्प्टर. सारा जन्म विंगेत गेला. नट अडखळला की वाक्यातला पहिला शब्द तेवढा पुरवायचे, तोही त्याच्या कानापुरता. पहिल्या रांगेलासुद्धा कधी कळलं नाही. गेल्या दिवाळीत कंपनी कायमची बंद पडली आणि हे भिंतीकडं तोंड करून निजले. आधी बोलणं गेलं, मग भाकरी गेली. गोळ्यांनी काही होईना. कमरेवर धोतर ठरेना इतके वाळले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शॉकचं काढलं.

"या वयात झेपेल?" नीलम्मानं विचारलं होतं.

"भूल देऊन करतो, अव्वा. असं उपाशी राहण्यापेक्षा धोका कमी. विसरायला मात्र होईल, अलीकडचं जास्त. बरंचसं परत येतं, सगळं येईलच असं नाही. म्हणून शुद्धीवर आले की दरवेळी चार गोष्टी विचारतो. फार गोंधळले तर पुढचे शॉक लांबवू."

लांबवू, एवढंच नीलम्माच्या मनात रुतून बसलं. कारण दुसऱ्या शॉकनंतर त्यांनी भरल्या वांग्यांची भाजी, एणगायी, मागून घेतली होती, वर "मीठ कमी आहे" म्हणाले होते. आता थांबलं तर पुन्हा ती भिंत.

म्हणून नर्सनं "अज्जा, आज वार कोणता?" विचारलं की पडद्याआडून हलकेच "बुध..." येई.

"बुधवार," चन्नवीरप्पा म्हणत. नर्स खूश. चालू प्रयोगात सोबत्याला उघडं पडू द्यायचं नाही, हे नीलम्माच्या हाडात भिनलेलं. पण वॉर्डात परतल्यावर ते तिलाच विचारत, "आपला मुक्काम कुठल्या गावी आहे?" ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

आज डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. "अज्जा, महिना कोणता?"

"श्रा..." पडदा बोलला.

चन्नवीरप्पांच्या कपाळाला आठी पडली. "कोण गाढव आहे ते? प्रॉम्प्टिंग एवढ्या मोठ्यानं करतात? शेवटच्या बाकड्याला ऐकू गेलं!"

नर्स फिसकन हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पडदा सरकवला.

"कधीपासून चाललंय हे?"

"तिसऱ्या शॉकपासून."

"अव्वा, तुम्ही मला आंधळं केलंत."

"थांबवणार आता?"

"थांबवत नाही. पण आता आठवड्याला एकच, आणि तोही डोक्याच्या एकाच बाजूनं. हे मी आधीच केलं असतं, म्हणजे विसरणं कमी झालं असतं." मग त्या खाटेकडं वळल्या. "अज्जा, तुमची कंपनी सध्या कुठं आहे?"

"सौंदत्तीच्या जत्रेला. उद्या तंबू लागेल."

नीलम्मानं पदर तोंडात धरला.

चन्नवीरप्पा घरी आले. स्वतःची दाढी स्वतः करू लागले, दूधवाल्याशी भांडू लागले. वार, महिना चुकेनासे झाले. जुन्या नाटकांची पानंच्या पानं धडाधड म्हणत. फक्त गेलं वर्ष परत आलं नाही. कंपनी बंद पडल्याचं तिनं सांगितलं, तेव्हा परक्या घरची बातमी ऐकावी तसं ऐकून घेतलं.

त्या वर्षात गदगचा शेवटचा प्रयोग होता. नाटक संपलं, लोक उठेनात. तेव्हा नीलम्मा विंगेत धावली, मनगट धरून चन्नवीरप्पांना उजेडात ओढून आणलं. तंबूतले सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले. त्यांचा हात घामानं भिजला होता.

अंगणात भाकरी खाताना तिनं त्यांच्याच पद्धतीनं पहिला शब्द दिला. "गदग..."

ते घास चावत राहिले.

"शेवटचा प्रयोग. मी तुमचा हात धरून तुम्हाला पुढं..." ती पुन्हा थांबली. वाट पाहिली.

वाक्य विसरलेला नट बघतो तसे ते तिच्याकडं बघत राहिले. मग मायेनं हसले.

"भलतंच काय, नीलू? मी कधी पुढं येत नसतो. माझी जागा विंगेत."